लांब मराठी मजकूर ठरावीक रुंदीच्या ओळींत कोडने कसा मोडावा?

समास (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मराठी परिच्छेदांचा एक मोठा संच ठरावीक रुंदीच्या चित्रांवर छापणारा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहीत आहे. चित्रावर मजकूर उमटवणारे पिलो हे ग्रंथालय ओळी स्वतःहून मोडत नाही. आपण जिथे नवी ओळ घालू तिथेच ते खाली उतरते. म्हणून ओळी पाडण्याचे काम मी प्रमाणित संग्रहातल्या टेक्स्टरॅप या मॉड्यूलकडे दिले आहे. इंग्रजी मजकुरावर त्याचा निकाल समाधानकारक येतो. मराठीत मात्र काही ओळी उजव्या कडेच्या बऱ्याच अलीकडे संपतात आणि काही थेट कडेबाहेर जातात. अरुंद चौकटीत एक लांब शब्द मोडावा लागला, तेव्हा तर पुढची ओळ नुसत्या वेलांटीने सुरू झाली आणि त्या वेलांटीच्या डावीकडे ठिपक्यांचे वर्तुळ उमटले.

माझे दोन प्रश्न आहेत. मराठीसाठी रुंदी मोजण्याची योग्य रीत कोणती? आणि ओळीत मावतील तितके शब्द भरून पुढे जाण्याची साधी पद्धत पुरेशी आहे, की त्याहून चांगली पद्धत लिहून काढण्याचे कष्ट सार्थकी लागतात?

रकाना

पहिल्या प्रश्नाचे मूळ असे आहे की टेक्स्टरॅप रुंदी मोजत नाही, ते युनिकोडमधले संकेतांक मोजते. 'कमळ' या शब्दात ३ संकेतांक आहेत आणि 'स्त्री' या शब्दात ६: स, हलन्ताचे चिन्ह, त, पुन्हा हलन्ताचे चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी. मॉड्यूलच्या हिशेबात 'स्त्री' हा शब्द 'कमळ'च्या दुप्पट रुंद ठरतो, पडद्यावर मात्र तो 'कमळ'पेक्षा अरुंद दिसतो. जोडाक्षरे आणि मात्रा जास्त असलेली ओळ त्यामुळे लवकर तोडली जाते, आणि साध्या अक्षरांची ओळ कडेबाहेर जाते. काहीही न सांगता वापरले तर हे मॉड्यूल ७० ही मर्यादा धरते, आणि ती मर्यादाही याच संकेतांकांची असते.

अक्षरवेल

रकाना यांच्याशी सहमत आहे. त्यांनी दिलेलाच शब्द पुढे नेतो, कारण चुकीच्या ठिकाणी मोडण्याचे तीन वेगळे स्तर त्यात स्पष्ट दिसतात आणि बिघाड पाहून तो कोणत्या स्तरावरचा आहे हे ओळखता येते.

यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो, म्हणजे 'स्त्री' हा शब्द १८ बाइटांचा झाला. बाइट मोजणाऱ्या साधनाने तो ३ च्या पटीत नसलेल्या ठिकाणी तोडला, तर दोन्ही तुकड्यांच्या टोकाला अवैध बाइट उरतात आणि तिथे काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह दिसते. पीएचपीमधले वर्डरॅप हे फंक्शन असेच बाइट मोजते, आणि युनिक्समधल्या फोल्ड या आज्ञेच्या अनेक जुन्या आवृत्त्याही तसेच करतात. संकेतांक मोजणाऱ्या साधनाने र आणि वेलांटी यांच्यामध्ये तोडले, तर समास यांनी वर्णन केलेले ठिपक्यांचे वर्तुळ येते. निराधार मात्रेला आधार म्हणून अक्षर मांडणारे इंजिन ते वर्तुळ स्वतःच काढते. तिसरा स्तर अधिक फसवा आहे. तिथे तुकडे वैध असतात, पण वरच्या ओळीच्या शेवटी 'स्' असा पाय मोडलेला वर्ण राहतो आणि खाली 'त्री' येते. कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही; वाचणारा मात्र अडखळतो.

यावरचा उपाय म्हणजे वाचकाला एक वाटणाऱ्या अक्षरसमूहांनुसार मोजणे. युनिकोडच्या २९ क्रमांकाच्या परिशिष्टात या समूहांच्या सीमा ठरवलेल्या आहेत. पूर्वीच्या नियमांनुसार हलन्तानंतर सीमा पडत असे, त्यामुळे 'स्त्री'चे तीन समूह होत. २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत भारतीय लिप्यांतल्या जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि देवनागरीत हा शब्द आता एकच समूह ठरतो. तुमचे ग्रंथालय कोणत्या आवृत्तीचा तक्ता वापरते हे म्हणून आधी पाहावे. पायथनमध्ये प्रमाणित संग्रहाबाहेरचे रेजेक्स हे मॉड्यूल अक्षरसमूह वेगळे करून देते, पण जुन्या तक्त्यावर तेही जोडाक्षर मधोमध तोडेल.

मोजपट्टी

अक्षरवेल यांचा प्रतिसाद कुठे मोडू नये या प्रश्नापुरता अगदी बरोबर आहे, परंतु समास यांनी विचारलेल्या रुंदीला तो लागू करू नये, असे माझे ठाम मत आहे. समूह मोजले म्हणजे रुंदी मोजली असे होत नाही. 'र' आणि 'क्ष' हे दोन्ही एकेकच समूह आहेत, पण कोणत्याही नेहमीच्या फॉन्टमध्ये त्यांच्या रुंदीत मोठा फरक असतो. त्यातच एखादे जोडाक्षर एका फॉन्टमध्ये एकाखाली एक रचलेले असते आणि दुसऱ्यात शेजारी शेजारी. चित्रावर छापायचे असेल तर पिक्सेलमधली रुंदी हेच एकमेव खरे माप आहे आणि ते त्या फॉन्टमध्ये, त्या आकारात, अक्षरे जुळवून झाल्यानंतरच कळते.

पिलोमध्ये फॉन्टच्या वस्तूवर गेटलेंग्थ हे फंक्शन आहे. त्याला शब्द द्या, ते पिक्सेलमधली लांबी परत देते. मात्र त्याआधी पिलोची तुमची प्रत राक्म या मांडणी-ग्रंथालयासह आहे ना, हे तपासा. फीचर्स या मॉड्यूलमधून ते एका ओळीत कळते. राक्म नसेल तर पिलो साधी मांडणी वापरते. तीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी जात नाही आणि जोडाक्षरे जुळत नाहीत. अशा वेळी मापही चुकते आणि छपाईही. ब्राउझरमध्ये चित्र काढणार असाल तर कॅनव्हासचे मेझरटेक्स्ट हेच काम करते आणि अक्षरे जुळवण्याची चिंता ब्राउझर वाहतो.

आणखी एक सूचना. गेटलेंग्थ जी लांबी देते ती पुढचे अक्षर जिथून सुरू होईल तिथपर्यंतची असते. प्रत्यक्ष शाई, विशेषतः मात्रेचा किंवा रफाराचा झुकलेला भाग, त्या लांबीच्या थोडा बाहेर जाऊ शकतो. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवून मर्यादा ठरवा.

परिच्छेद

प्रत्येक शब्दाची रुंदी एकदाच मोजून कोशात ठेवावी. मराठी मजकुरात 'आहे', 'आणि', 'हा' असे शब्द सतत परत येतात, त्यामुळे मोजण्याचा बराच वेळ वाचतो. ओळीची रुंदी म्हणजे शब्दांच्या रुंदींची बेरीज अधिक मधल्या जागा; ठरलेली ओळ शेवटी एकदा सबंध मोजून खात्री करून घ्यावी.

समास

मोजपट्टी, आपले आभार. माझ्या प्रतीत राक्म आहे. शब्दागणिक मापे घेऊन ओळी भरल्या आणि कडेबाहेर जाणे पूर्ण थांबले. ओळी अजूनही बऱ्याच ठिकाणी असमान आहेत, पण ते आता मापामुळे होत नसून शब्दांच्या वाटपामुळे होत आहे. तेव्हा माझा दुसरा प्रश्न उरतोच.

शिरोरेघ

त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्यासारखे आहे. रुंदीचा गोंधळ बाजूला राहावा म्हणून मात्रा किंवा जोडाक्षर नसलेले चार शब्द घेऊ: 'शरद घर बघ पटकन'. मर्यादा ६ अक्षरांची आहे असे समजू. मावेल तितके भरणारी पद्धत पहिल्या ओळीत 'शरद घर' बसवते आणि ओळ काठोकाठ भरते. दुसऱ्या ओळीत 'बघ' येते. 'पटकन' त्याच्यासोबत मावत नाही, म्हणून ते तिसऱ्या ओळीवर जाते. मधली ओळ दोन अक्षरांची राहते. आता दुसरी वाटणी पाहा: 'शरद', मग 'घर बघ', मग 'पटकन'. ओळी तितक्याच, पण खूप अधिक सारख्या.

हा फरक अंकात मांडण्यासाठी प्रत्येक ओळीत उरलेल्या जागेचा वर्ग करून बेरीज घेतात आणि शेवटची ओळ हिशेबातून वगळतात. पहिल्या वाटणीचा खर्च ० अधिक १६, म्हणजे १६ होतो. दुसरीचा ९ अधिक १, म्हणजे १०. वर्ग घेण्याचे कारण असे की एका ओळीतले मोठे भगदाड अनेक ओळींत पसरलेल्या थोड्या थोड्या जागेपेक्षा डोळ्याला अधिक खुपते, आणि नुसती बेरीज घेतली तर हे दोन्ही सारखेच ठरले असते.

सर्वांत कमी खर्चाची वाटणी शोधण्यासाठी सगळ्या शक्यता तपासाव्या लागत नाहीत. पहिल्या काही शब्दांची सर्वोत्तम वाटणी एकदा कळली की ती बदलण्याचे कारण पुढच्या शब्दांमुळे निर्माण होत नाही. त्यामुळे लहान उत्तरांवरून मोठे उत्तर बांधता येते. ढाचा असा:

खर्च[०] = ०, बाकी सर्व खर्च = अनंत
शेवट हा १ पासून एकूण शब्दसंख्येपर्यंत नेताना:
— सुरुवात ही शेवट − १ पासून ० पर्यंत मागे नेताना:
— — रुंदी = सुरुवात ते शेवट या शब्दांची रुंदी + मधल्या जागा
— — रुंदी मर्यादेबाहेर गेली आणि ओळीत एकाहून अधिक शब्द असले, तर आतले आवर्तन थांबवा
— — उरलेली = मर्यादा − रुंदी; ती ऋण असेल किंवा ही शेवटची ओळ असेल, तर ०
— — नवा = खर्च[सुरुवात] + उरलेलीचा वर्ग
— — नवा < खर्च[शेवट] असेल, तर खर्च[शेवट] = नवा आणि मागचा[शेवट] = सुरुवात

शेवटी 'मागचा' या यादीवरून उलट चालत आले की ओळींच्या सीमा मिळतात. आतले आवर्तन एका ओळीत मावणाऱ्या शब्दांपलीकडे जात नाही, त्यामुळे शेकडो शब्दांच्या परिच्छेदालाही वेळ नगण्य लागतो.

ही कल्पना डोनाल्ड क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे सर्वज्ञात झाली आणि टेक या अक्षरजुळणी-प्रणालीचा परिच्छेद त्यावरच उभा आहे. टेकमध्ये शब्दांमधल्या जागा ताणता आणि आवळता येतात, त्या किती ताणाव्या लागल्या याच्या घनावरून ओळीचा वाईटपणा ठरतो, आणि शब्द तोडल्याचा दंड वेगळा धरला जातो. तुम्हाला उजवी कड सरळ नको असेल तर एवढे सगळे लागत नाही. वरचा ढाचा पुरतो.

पूर्णविराम

शिरोरेघ यांचे विवेचन सुरेख आहे, तरीही साध्या पद्धतीची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. पहिली गोष्ट, मावेल तितके भरणारी पद्धत कमीत कमी ओळी वापरते आणि हे सिद्ध करता येते: प्रत्येक ओळीअखेर ती इतर कोणत्याही वाटणीइतकी किंवा तिच्या पुढेच पोहोचलेली असते, त्यामुळे ती शेवटी मागे पडू शकत नाही. दुसरी गोष्ट, मजकूर टाइप होत असताना सर्वोत्तम वाटणीचा हट्ट धरला तर शेवटी लिहिलेल्या एका शब्दामुळे चार ओळी वरची मांडणी हलू शकते. लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर वरच्या ओळी सतत बदलत राहणे फार त्रासदायक आहे. संपादकात साधी पद्धतच हवी.

छापून झालेल्या, पुन्हा न बदलणाऱ्या चित्रासाठी मात्र मी शिरोरेघ यांच्याच बाजूने आहे.

रकाना

वेबपानांत हा निर्णय आता एका गुणधर्माने सांगता येतो. सीएसएस या वेबपानांच्या मांडणीच्या भाषेत टेक्स्ट-रॅप या गुणधर्माला बॅलन्स हे मूल्य दिले की ब्राउझर ओळी सारख्या लांबीच्या करतो. ते शीर्षकांसाठी आहे. क्रोमियममध्ये ते ६ ओळींपर्यंत आणि फायरफॉक्समध्ये १० ओळींपर्यंतच लागू होते. परिच्छेदांसाठी प्रिटी हे वेगळे मूल्य आहे.

दंडक

चर्चा वाचून मला एक मूलभूत शंका मांडावीशी वाटते. ओळी मोडणे हे दाखवण्याचे काम आहे, साठवण्याचे नाही. मूळ मजकुरातच नवी ओळ घालून तो साठवला की पुढच्या प्रत्येक वापरात ती ओळ आडवी येते. ई-मेलमध्ये हे सर्वांनी पाहिले असेल: एकाने ओळी पक्क्या मोडून पाठवल्या, उत्तर देणाऱ्याच्या साधनाने प्रत्येक ओळीआधी अवतरणाचे चिन्ह घातले, मर्यादा एक-दोन अक्षरांनी ओलांडली गेली आणि मग पूर्ण ओळ, एक शब्द, पूर्ण ओळ, एक शब्द अशी दातेरी मांडणी तयार झाली. यावर आरएफसी ३६७६ या इंटरनेटच्या नियमदस्तऐवजाने २००४ मध्ये वाहत्या मजकुराचा मार्ग दिला: ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा ठेवलेली असेल तर ती ओळ पुढच्या ओळीला जोडावी, नसेल तर तो लेखकाने मुद्दाम केलेला विराम समजावा.

जिथे मोडणे नियमानेच आवश्यक आहे, तिथे ते परत जोडण्याची सोयही नियमातच असते. दिनदर्शिकेच्या नोंदींसाठीच्या आरएफसी ५५४५ मध्ये ७५ बाइटांहून लांब ओळ मोडून पुढची ओळ एका जागेने सुरू करायची असते. मराठी मजकूर तिथे जेमतेम २५ संकेतांकांत मर्यादेला पोहोचतो. अगदी साधे लेखन करणारा प्रोग्राम बाइटांच्या मधोमध मोडू शकतो हे त्या दस्तऐवजातच मान्य केले आहे. म्हणून वाचणाऱ्याने आधी बाइट जोडावेत आणि मगच त्यांचा अक्षरार्थ लावावा. हा क्रम उलटा झाला की मराठी नोंदींत प्रश्नचिन्हांचे चौकोन येतात, आणि इंग्रजी नोंदींवर चाचणी करणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत.

समास

दंडक, आपला मुद्दा मान्य आहे. माझा मूळ मजकूर अखंडच साठवलेला आहे आणि ओळी फक्त चित्र काढताना पडतात.

परिच्छेद

थोडे अवांतर, पण विषयाला धरून आहे. ८० रकान्यांची मर्यादा आयबीएमच्या १९२८ मधल्या छिद्रपत्रापासून चालत आली आहे. १९७८ मधल्या व्हीटी१०० टर्मिनलच्या नेहमीच्या पडद्यावरही ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. पायथनच्या शैलीनियमांतली ७९ ही मर्यादाही त्याच परंपरेतली. ही सर्व मापे एक चिन्ह म्हणजे एक रकाना हे गृहीत धरून बनली आहेत. देवनागरीचा त्या गृहीतकाशी मुळातच मेळ बसत नाही, म्हणून टर्मिनलवर मराठी मजकुराच्या ओळी अचूक बसवण्याचा प्रयत्न आजही समाधानकारक होत नाही. समास चित्रावर छापत आहेत हे एका अर्थी बरे आहे, कारण तिथे खरे माप मिळते.

अक्षरवेल

शब्द वेगळे करण्याच्या टप्प्यावर अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. 'डॉ.' आणि त्यापुढचे नाव, किंवा 'पृ.' आणि त्यापुढचा आकडा वेगळ्या ओळींवर जाऊ नयेत म्हणून आपण मध्ये न तुटणारी जागा घालतो. पायथनचे स्प्लिट हे फंक्शन काही न सांगता वापरले तर या जागेवरही शब्द तोडते, आणि घातलेली जागा वाया जाते. टेक्स्टरॅपने या बाबतीत काळजी घेतली आहे. ते केवळ आस्की या मूळ इंग्रजी चिन्हसंचातल्या रिकाम्या जागाच जागा मानते. स्वतःचा कोड लिहिताना तोच नियम ठेवावा.

दुसरी गोष्ट खास मराठीची आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप केलेला आढळतो. एकात नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य असतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य. दिसायला दोन्ही सारखे, पण पहिल्यात ७ संकेतांक भरतात आणि दुसऱ्यात ८. मजकूर साफ करताना अनेक जण अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकतात. मग दुसऱ्या प्रकारातला जोडक निघून जातो आणि शब्द 'दुसर्या' असा रफार घेऊन छापला जातो. शून्य रुंदीचा जोडक हा शुद्धलेखनाचा भाग आहे आणि त्याला धक्का लावू नये.

मोजपट्टी

हा मुद्दा प्रत्येक मराठी प्रोग्रामरने वाचावा असा आहे.

पूर्णविराम

मर्यादेपेक्षा लांब असलेल्या एकट्या शब्दाचे काय करणार, हे समास यांनी आधी ठरवून घ्यावे. घाईने लिहिलेल्या अनेक कोडमध्ये 'मावत नाही, म्हणून नवी ओळ सुरू कर' एवढेच लिहिलेले असते, आणि असा शब्द आला की आवर्तन रिकाम्या ओळी काढत कधीच थांबत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. 'विद्यापीठांमधल्यांसारख्यांनाही' असा शब्द वाक्यात अगदी सहज येऊ शकतो आणि अरुंद चौकटीत तो मावणार नाही.

माझ्या मते असा शब्द अक्षरसमूहाच्या सीमेवर तोडावा, शक्य असेल तर प्रत्ययापाशी, आणि तोडल्याची खूण म्हणून संयोगचिन्ह द्यावे. मजकुरात आधीच मृदू संयोगचिन्हे पेरून ठेवण्याचा पर्यायही आहे. ती ओळ तुटली तरच दिसतात. ती मूळ साठ्यात मात्र ठेवू नयेत, कारण मग साधा शोध तो शब्द सापडवू शकत नाही. शब्द कुठे तोडावा हे ठरवण्याची, फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ च्या प्रबंधात मांडलेली आकृतिबंधांची पद्धत टेकमध्ये वापरली जाते आणि त्या पद्धतीचे मराठीसाठीचे आकृतिबंधही उपलब्ध आहेत.

शिरोरेघ

पूर्णविराम यांच्या शेवटच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. वेब पत्ते आणि फाइलींची नावे यांत संयोगचिन्ह घालू नये. वाचणारा ते पत्त्याचाच भाग समजेल. तिथे तिरप्या रेघेनंतर काहीही चिन्ह न देता मोडावे.

दंडक

चाचण्यांबद्दल एवढेच सांगतो. लांब शब्द तोडण्याची सोय बंद ठेवून सर्व ओळी एका जागेने जोडल्या तर मूळ शब्द त्याच क्रमाने परत मिळाले पाहिजेत. एकाहून अधिक शब्दांची कोणतीही ओळ मर्यादेबाहेर जाता कामा नये. जोडलेला मजकूर पुन्हा त्याच मर्यादेने मोडला तर त्याच ओळी आल्या पाहिजेत. रिकामा मजकूर, एकच शब्द आणि सलग अनेक जागा हेही तपासावे. परिच्छेद मात्र आधीच वेगळे करून घ्यावेत, कारण टेक्स्टरॅप न सांगता नव्या ओळींच्या जागी साध्या जागा घालते आणि सगळे परिच्छेद एकत्र करून टाकते.

समास

सर्वांचा मी ऋणी आहे. आता मजकूर परिच्छेदांत वेगळा होतो, फक्त साध्या जागांवर शब्द सुटे होतात, प्रत्येक शब्द पिक्सेलमध्ये एकदाच मोजला जातो आणि शिरोरेघ यांच्या ढाच्याने ओळी ठरतात. मर्यादेबाहेरचा एकटा शब्द अक्षरसमूहावर तुटतो. दंडक यांच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या आहेत. एक अडचण उरली आहे: शेवटची ओळ हिशेबातून वगळल्यामुळे काही परिच्छेदांच्या अखेरीस 'आहे.' एवढाच शब्द एकटा पडतो.

शिरोरेघ

शेवटची ओळ सरसकट वगळण्याऐवजी ती फार आखूड असेल तेव्हाच दंड लावा. तिची रुंदी मर्यादेच्या चौथ्या भागापेक्षा कमी असेल तर खर्चात मर्यादेच्या निम्म्याचा वर्ग मिळवा आणि तो आकडा तुमच्या फॉन्टवर पाहून कमी-जास्त करा. मग वरच्या ओळीतला एखादा शब्द खाली उतरवणे स्वस्त पडेल तिथे ढाचा स्वतःच तो उतरवील. साध्या पद्धतीला हे जमणार नाही, कारण शेवटच्या शब्दापाशी पोहोचेपर्यंत तिने वरच्या ओळी पक्क्या केलेल्या असतात.

समास

चौथ्या भागाचा नियम लावला. बहुतेक परिच्छेदांत 'आहे.' आता आधीच्या शब्दासोबत खाली येतो. दोन-तीन शब्दांच्या अगदी लहान परिच्छेदांना हा दंड लागू नये म्हणून एकाच ओळीत मावणारा परिच्छेद आधीच वेगळा काढला आहे. पूर्ण कोड टिप्पण्यांसह याच धाग्यावर देईन. मोजपट्टी, शाईच्या बाहेर जाणाऱ्या भागासाठी मोकळी जागा फॉन्टच्या आकाराच्या प्रमाणात ठेवावी, की प्रत्येक ओळीची चौकट प्रत्यक्ष मोजावी?

मोजपट्टी

प्रत्यक्ष मोजा. ओळी ठरल्यावर प्रत्येक ओळीला शाईची चौकट देणारे पिलोचे गेटबीबॉक्स हे फंक्शन एकदाच लावायचे आहे, त्यामुळे वेळेचा प्रश्न येत नाही. आणि फॉन्ट बदलला तरी कोडमधला कोणताही आकडा बदलावा लागणार नाही.